स्वप्नातला गुरू आणि जागेपणीचा देह

१

संतांची स्वप्ने ही मराठी समीक्षेची एक जुनी अडचण आहे. श्रद्धेने वाचणाऱ्याला ती साक्षात्कार वाटतात, म्हणून तो त्यांचा अर्थ लावत नाही. बुद्धिवादी अभ्यासकाला ती चरित्रकारांनी मागाहून घातलेली भर वाटतात, म्हणून तोही त्यांचा अर्थ लावत नाही. एकजण स्वप्नापुढे हात जोडतो, दुसरा ते वगळून पुढे जातो. परिणाम एकच होतो : स्वप्न ही एक भाषाकृती आहे आणि तिला रचना, हेतू व संदर्भ आहेत, ही गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते.

महिपतींच्या चरित्रग्रंथांतील स्वप्नांपुरती ही टाळाटाळ एक वेळ समजून घेता येईल. 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) ह्या ग्रंथांत चमत्कार हे निवेदनाचे अंगच आहे. परंतु तुकाराम आणि बहिणाबाई सिऊरकर यांच्या बाबतीत ही सोय उपलब्ध नाही. येथे स्वप्न चरित्रकाराने सांगितलेले नाही, ते प्रथमपुरुषी अभंगांतून आलेले आहे. 'मी पाहिले, मला सांगितले गेले' अशी ही साक्ष आहे. तिला बाजूला ठेवायचे तर तुकोबांच्या कवित्वाचा आणि बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाचा पायाच बाजूला ठेवावा लागतो.

बहिणाबाईंनी आपली गुरुपरंपरा नोंदवून ठेवली आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर, सच्चिदानंद, विश्वंभर, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी, तुकाराम आणि अखेर स्वतः बहिणी असा तो क्रम आहे. ही साखळी नाशिक परिसरातून जाते. गहिनीनाथांनी निवृत्तीला अनुग्रह दिला तो त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरील गुहेत, असे परंपरा मानते. निवृत्तिनाथांची समाधीही त्र्यंबकेश्वरीच आहे. साखळीचे दुसरे टोक शिऊरला, म्हणजे नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या वैजापूर तालुक्यात आहे. ह्या साखळीतील शेवटचे दोन दुवे मात्र बाकीच्यांहून वेगळे आहेत. बाबाजी आणि तुकाराम यांची भेट स्वप्नात झाली. तुकाराम आणि बहिणाबाई यांचीही पहिली भेट स्वप्नातच झाली. गुहेत गुरू प्रत्यक्ष भेटतो आणि कानात मंत्र सांगतो. परंपरा शूद्र मानल्या गेलेल्या कवीपर्यंत आणि पुढे एका स्त्रीपर्यंत येते तेव्हा मात्र ती जागेपण सोडून स्वप्नात शिरते. हा निव्वळ योगायोग आहे काय, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

२

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी देहाबाहेर जाण्याच्या कल्पनेची पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नाचे स्वरूप समजावून सांगतो. हा लोक आणि परलोक यांच्यामधले तिसरे, संधीचे स्थान म्हणजे स्वप्न. तेथे पुरुष आपले घरटे प्राणाच्या राखणीला ठेवून बाहेर पडतो आणि हवे तेथे संचार करतो. म्हणून झोपलेल्याला एकदम उठवू नये, तो ज्या जागी परतला नाही ती जागा बरी होणे कठीण, असा लोकसमजही तेथे नोंदला आहे. स्वप्न आणि देहबाह्य संचार ह्या दोन्ही कल्पना येथे एकत्र नांदतात. परंतु ह्या विवेचनातला खरा महत्त्वाचा शब्द वेगळाच आहे. तेथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. ते सर्व तो पुरुष स्वतः निर्माण करतो, कारण तो 'कर्ता' आहे. स्वप्न पाहणाऱ्याला कर्ता म्हणणे ही वाङ्मयविचाराच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे परत यावे लागेल.

योगपरंपरेने ह्याच कल्पनेला सिद्धीचे रूप दिले. पतंजलींच्या विभूतिपादात दुसऱ्याच्या शरीरात प्रवेश करण्याच्या सामर्थ्याचा उल्लेख आहे. शंकराचार्यांच्या चरित्रकथेत आचार्य मृत राजा अमरुकाच्या देहात शिरतात. संन्याशाच्या देहाला निषिद्ध असलेला अनुभव मिळवण्यासाठी त्यांना दुसरा देह घ्यावा लागतो. मराठीच्या अगदी आरंभीच्या गद्यात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त, हीच कल्पना एका संपूर्ण चरित्राचा आरंभबिंदू होते. द्वारावतीचे चांगदेव राऊळ आपला देह ठेवतात. भडोचचा प्रधान विशाळदेव याचा पुत्र हरिपाळ मृत्यू पावलेला असतो, त्याच्या देहात ते प्रवेश करतात. हाच हरिपाळ पुढे द्यूत, कर्ज आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त ह्या वाटेने घर सोडतो आणि चक्रधर होतो.

'लीळाचरित्र' हे सारे ज्या कोरड्या, वार्तेच्या सुरात सांगते त्याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. उद्गार नाही, स्पष्टीकरण नाही. निवेदकाच्या दृष्टीने ही स्थलांतराची हकिकत आहे. परकायाप्रवेशाच्या ह्या कथांमध्ये एक सूत्र समान आहे. प्रवेश करणारा समर्थ आहे, पुरुष आहे, आणि त्याच्यापुढे देहांची निवड खुली आहे. सिद्ध, आचार्य किंवा अवतार आपला देह सोडतो तो दुसरा देह मिळवण्यासाठी. देह त्याच्या मालकीची वस्तू आहे, वस्त्रासारखी ती बदलता येते.

ज्याचा देह त्याच्या मालकीचाच नाही, जातीच्या किंवा पतीच्या मालकीचा आहे, त्याने काय करावे? परकायाप्रवेशाच्या कथेजवळ ह्या प्रश्नाला उत्तर नाही. स्वप्नाजवळ आहे.

३

तुकोबांच्या गुरूपदेशाचा अभंग वारकऱ्यांच्या तोंडी आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाला जात असता वाटेत सद्‌गुरू भेटतात, मस्तकावर हात ठेवतात, राघवचैतन्य आणि केशवचैतन्य ही परंपरेची खूण सांगतात, आपले नाव बाबाजी असल्याचे सांगतात आणि 'रामकृष्णहरी' हा मंत्र देतात. बाबाजींची समाधी जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे दाखवली जाते आणि परंपरेच्या हिशेबाने ती तुकोबांच्या आधीची आहे. म्हणजे जागेपणी ही भेट शक्य नव्हती, असे मानावे लागते.

ह्या अभंगात एक तपशील आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गुरू भोजनासाठी पावशेर तूप मागतात आणि शिष्याला त्याचा स्वप्नात विसर पडतो. साक्षात्काराच्या कथेत हे तूप कशासाठी? दैवी दर्शन घडवायचे असते तर चरित्रकाराने येथे तेज, सुगंध किंवा पुष्पवृष्टी आणली असती. तुकाराम तूप आणतात, तेही मापून आणि विसरलेले. देहूचे हे घराणे महाजनकीचे, दुकानदारीचे. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान मोडले, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, हे तुकोबांनी स्वतःच्या वृत्तांतात सांगितले आहे. अशा माणसाच्या स्वप्नात गुरूने पावशेर तूप मागावे आणि ते देण्याचे राहून जावे, ह्यात दुकान आहे, दारिद्र्य आहे आणि देणे चुकल्याची टोचणी आहे. गुरू लगबगीने निघून का गेले, आपल्याकडून काय अंतर पडले, ह्या शंकेला अभंगात ह्या विसरामुळेच जागा मिळते. कृपा झाली आणि सेवा राहिली, असा हा अपुऱ्या व्यवहाराचा अनुभव आहे.

दुसरे स्वप्न नामदेवांचे. पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेव येतात, कवित्व करण्याची आज्ञा देतात आणि आपल्या संकल्पित शतकोटी अभंगांतले उरलेले तुकोबांच्या पदरात घालतात. येथेही मोजदाद आहे, येथेही माप आहे. विठ्ठलच मोजून घ्यायला उभा आहे. पहिल्या स्वप्नात माप द्यायचे राहून गेले, दुसऱ्या स्वप्नात मापाची जबाबदारी अंगावर आली. दोन्ही स्वप्ने जोडून वाचली म्हणजे त्यांत एक क्रम दिसतो. एका वाण्याचे कर्ज कवितेच्या रूपाने फेडायचे ठरते. संकल्पाची बाकी वारशाने येते आणि ती फेडणे हाच कवित्वाचा अधिकार होतो.

हा अधिकार तुकोबांना दुसऱ्या कोणत्याही वाटेने मिळणारा नव्हता. शूद्राने वेदार्थ बोलावा ह्याला रामेश्वरभटांचा आक्षेप होता आणि वह्या इंद्रायणीत बुडवण्याचा प्रसंग त्यातूनच आला. शास्त्र विचारते, 'तुला बोलण्याचा अधिकार कोणी दिला?' त्यावर पोथी, उपनयन किंवा पीठ दाखवता येत नाही. दाखवता येते ते स्वप्न. स्वप्नाचे वैशिष्ट्य असे की, ते खोटे ठरवता येत नाही आणि त्याला मध्यस्थ लागत नाही. झोपण्याचा अधिकार कोणत्याही स्मृतीने कोणालाही नाकारलेला नाही.

४

बहिणाबाईंची हकिकत ह्याहून गुंतागुंतीची आहे. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी ब्राह्मण कुळात जन्म, बालपणीच प्रौढ वराशी विवाह, कर्जामुळे कुटुंबाची भटकंती आणि अखेर कोल्हापुरात आसरा. तेथे पतीला एक गाय मिळते, तिला वासरू होते आणि त्या वासराचा ह्या मुलीला विलक्षण लळा लागतो. जयरामस्वामींच्या कीर्तनात ती वासरासह जाऊन बसते. तेथे तुकोबांची पदे तिच्या कानी पडतात. स्वामींनी तिच्या मस्तकावर हात ठेवल्याचे पतीला कळते. तो तिला मारतो, बांधून घालतो. गाय-वासरू चारापाणी सोडतात. पुढे वासरू मरते आणि बहिणाबाईंची शुद्ध हरपते. त्या दिवसांत तुकोबा स्वप्नात येतात, मस्तकी हात ठेवतात, कानात मंत्र सांगतात आणि हाती मंत्रगीता देतात.

घटनांचा हा क्रम काळजीपूर्वक पाहावा लागतो. जागेपणी एका साधुपुरुषाने मस्तकावर हात ठेवला, त्याची शिक्षा देहाला भोगावी लागली. स्वप्नात दुसऱ्या साधुपुरुषाने त्याच मस्तकावर हात ठेवला, तो कोणाला दिसला नाही आणि कोणाला काढूनही घेता आला नाही. शिक्षेला कारण झालेली कृती स्वप्नात जशीच्या तशी परत येते, मात्र आता ती दीक्षा झालेली असते. ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्र गुरू करावा, हेही पतीला मानवणारे नव्हते. त्याचा संताप आणि घर सोडून जाण्याचा त्याचा बेत बहिणाबाईंनी काहीही न लपवता सांगितला आहे. स्वप्न हे येथे पळवाट झालेले नाही. त्याची किंमत जागेपणी पुन्हा देहानेच चुकवली आहे.

ॲन फेल्डहाउस यांनी १९८२ साली बहिणाबाईंवर लिहिताना पत्नीधर्म आणि संतत्व यांच्यातील ताण हा मुद्दा केंद्रस्थानी ठेवला. तो योग्यच आहे. त्यापुढे जाऊन असे म्हणता येईल की, ह्या ताणाला बहिणाबाईंनी जे रूप दिले ते देहबाह्य अनुभवाच्या पुरुषी परंपरेपेक्षा मुळातच वेगळे आहे. सिद्ध अवकाशात सरकतो, ह्या देहातून त्या देहात जातो. बहिणाबाई काळात सरकतात. मृत्युसमयी त्या मुलाला, विठोबाला, आपले मागील बारा जन्म सांगतात. चालू जन्म तेरावा. त्या ह्या देहातून उठून दुसऱ्याच्या देहात गेल्या नाहीत. ह्या देहाच्या मागे आपण किती लांबपर्यंत पसरलेलो आहोत हे त्यांनी पाहिले. स्त्रीदेह पराधीन आहे, वेदाचा शब्द त्याच्या कानी पडू दिला जात नाही, ही खंत त्यांच्या अभंगांत आहेच. परंतु त्या देहाला टाकून देण्याऐवजी त्याला तेरा जन्मांचा इतिहास देण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. ज्या स्त्रीला स्वतःचे म्हणून काही बाळगता येत नव्हते, तिने स्वतःचा भूतकाळ मिळवला.

ब्राह्मण्य कशात असते हा प्रश्न विचारणाऱ्या 'वज्रसूची'चा विषय बहिणाबाईंनी मराठीत आणला, हे येथे आठवणे आवश्यक आहे. देह, जात, जन्म यांपैकी कशालाही ब्राह्मण म्हणता येत नाही, हा त्या ग्रंथाचा युक्तिवाद. स्वप्नात शूद्र गुरू लाभलेल्या ब्राह्मण स्त्रीने हा ग्रंथ निवडावा, यात स्वप्नाचे जागेपणी केलेले समर्थन दिसते. स्वप्नाने जे दिले त्याला तिने तर्काचा आधारही मिळवून दिला.

५

आता अर्थ लावण्याच्या पद्धतींकडे वळता येईल. भारतीय परंपरेत स्वप्नांचे वर्गीकरण जुने आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज असे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिले पाच निष्फळ मानले आहेत. पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले किंवा इच्छिलेले पुन्हा दिसले तर त्यातून पुढचे काही सूचित होत नाही. ही वैद्याची दृष्टी आहे आणि ती कमालीची समंजस आहे. ह्या कसोटीवर बहिणाबाईंचे स्वप्न 'श्रुत' आणि 'प्रार्थित' ठरते, कारण तुकोबांची पदे त्यांनी ऐकली होती आणि भेटीचा ध्यास घेतला होता. तुकोबांचे तूप 'अनुभूत' ठरते. म्हणजे मराठी कवितेतील दोन सर्वांत फलदायी स्वप्ने चरकाच्या हिशेबात निष्फळ वर्गात पडतात. हा विरोध वरवरचा आहे. वैद्य स्वप्नाकडे भविष्याची खूण म्हणून पाहतो, कवी त्याच्याकडे कर्तव्याची आज्ञा म्हणून. स्वप्न खरे होते की नाही हा एक प्रश्न, स्वप्न पाहणारा त्याला खरे करतो की नाही हा दुसरा. संतांचे स्वप्न दुसऱ्या प्रश्नाच्या कक्षेत येते. पंचांगातील स्वप्नफळांच्या कोष्टकाला म्हणूनच येथे काही काम नाही.

फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ १८९९च्या अखेरीस निघाला, त्यावर साल मात्र १९०० छापले गेले. व्यक्त आशयामागे सुप्त आशय असतो, आदल्या दिवसाचे अवशेष स्वप्नाला सामग्री पुरवतात आणि जागा झालेला माणूस स्वप्नाला सुसंगत रूप देताना त्याचे दुय्यम संस्करण करतो, ही त्याची सूत्रे संतांच्या स्वप्नांना लावण्याचा मोह होतो. पावशेर तूप हा दिवसाचा अवशेष म्हणून सहज ओळखता येतो. परंतु फ्रॉइडच्या पद्धतीला एक अट आहे. स्वप्न पाहणाऱ्याने स्वतः मुक्त साहचर्याने अर्थाचे धागे पुरवले पाहिजेत. तुकाराम आणि बहिणाबाई आता ते पुरवू शकत नाहीत. ही अट विसरून बहिणाबाईंच्या मूर्च्छेला उन्मादाचे नाव देऊन मोकळे होणे म्हणजे रुग्णाशिवाय केलेले निदान होय. त्यात आणखी एक अन्याय आहे. पतीने तिचे बोलणे वेड ठरवले होते, विश्लेषक तेच वेगळ्या परिभाषेत ठरवतो. समीक्षेजवळ ह्यावर एकच उपाय आहे : साहचर्याचे धागे संहितेतच शोधावयाचे. पावशेर तुपाचा अर्थ शतकोटीच्या मापात आणि स्वप्नातल्या हाताचा अर्थ जयरामस्वामींच्या हातात लागतो, तो ह्याच पद्धतीने.

शरीरशास्त्राची साक्ष अलीकडची आहे. १९५३ साली ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रावस्था दाखवून दिली आणि स्वप्नाचा अभ्यास प्रयोगशाळेत आला. २००२ साली ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी एका अपस्मारग्रस्त स्त्रीची तपासणी करीत होते. मेंदूच्या उजव्या भागातील अँग्युलर जायरसला विद्युत्‌स्पर्श होताच आपण वर तरंगत असून पलंगावरचे आपलेच शरीर खाली पाहत आहोत, असे ती सांगू लागली. तिला दिसले ते केवळ पाय आणि धडाचा खालचा भाग. ह्यावरून असे समजते की, 'मी देहात आहे' ही जाणीव मेंदू सतत रचत असतो आणि ती रचना ढळू शकते. देहबाह्य अनुभव खोटा नसतो, त्यासाठी आत्मा छतापर्यंत गेला असे मात्र मानावे लागत नाही.

समीक्षेने हे ज्ञान मोकळेपणाने स्वीकारावे. त्यामुळे संतांच्या अनुभवाचे मोल कमी होत नाही, कारण ते मोल अनुभवाच्या कारणात कधीच नव्हते. विद्युत्‌स्पर्शाने देह वरून दिसतो. परंतु खाली दिसणारा देह कोणाचा, त्याच्यावर कोणाची सत्ता आणि वरून पाहणारा त्याच्याविषयी काय म्हणतो, हे तारेतून कळत नाही. स्वतःच्या मरणाला आपण जिवंतपणी उपस्थित राहिलो असे तुकाराम सांगतात, तेव्हा त्या अभंगाचा रोख दर्शनापेक्षा मुक्ततेवर आहे. पाहणारा आणि मेलेला वेगळे झाले, मेला तो अहंकार. ही भाषेने घडवलेली देहबाह्यता आहे.

तिसरी पद्धत सामाजिक अन्वयार्थाची. तिच्या मते स्वप्न ही अधिकार मिळवण्याची युक्ती होय. प्रस्तुत विवेचनही त्याच दिशेने आले आहे. परंतु 'युक्ती' हा शब्द पुरेसा नाही. युक्ती करणाऱ्याला आपण युक्ती करीत आहोत हे ठाऊक असते. युक्तीच असती तर तुकोबांनी विसरलेले तूप लपवले असते आणि बहिणाबाईंनी मार लपवला असता. लाजिरवाणे, अपुरे, निरुपयोगी तपशील त्यांनी ठेवले आहेत आणि त्या तपशिलांमुळेच ही साक्ष विश्वसनीय वाटते. येथे याज्ञवल्क्याचा 'कर्ता' पुन्हा उपयोगी पडतो. स्वप्नाचा कर्ता लबाड नसतो, पण तो निर्मातादेखील असतो. ज्या रस्त्यावर त्याला चालता येत नाही तो रस्ता तो निर्माण करतो. कवीही दुसरे काय करतो?

स्वप्नाची ही साखळी पुढेही चालली. पिंपळनेरच्या निळोबांना तुकोबांची कृपा लाभली ती तुकोबांच्या पश्चात, दर्शनातून. ताहाराबादच्या महिपतींना संतचरित्रे लिहिण्याची प्रेरणा तुकोबांनी स्वप्नात दिली, असे परंपरा सांगते. म्हणजे मराठी भक्तिवाङ्मयाचा बराच मोठा भाग ज्या दस्तऐवजावर उभा आहे तो निद्रेत लिहिलेला आहे.

६

येथे विवेचन थांबवले तर ते स्वप्नाचे गौरवगीत होईल. स्वप्नाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यासाठी नाशिकला परतावे लागते.

ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतच्या परंपरेला मंदिराचे रूप देणारा, पाया आणि कळस यांचा प्रसिद्ध अभंग बहिणाबाईंच्या नावावर आहे. हे मंदिर शब्दांचे आहे. त्यात शूद्र कळसावर आहे आणि ते सांगणारी एक स्त्री आहे. गोदेच्या काठावरचे काळाराम मंदिर दगडाचे आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी तो पुढे काही वर्षे चालवत राहिले. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

ह्या सत्याग्रहींनी स्वप्नाचा आधार घेतला नाही. तो त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. चोखोबांना विठ्ठलाने रात्री स्वतः राउळात नेले, ही कथा महाराष्ट्राला पाठ होती. चोखोबांची समाधी मात्र पंढरपुरात महाद्वाराबाहेरच राहिली. तमिळ 'पेरियपुराणा'तील नंदनाराची कथाही अशीच आहे. शिव त्याच्या स्वप्नात येतो, ब्राह्मणांच्याही स्वप्नात येतो, पण मंदिरात शिरण्यापूर्वी नंदनाराचा देह अग्नीतून जावा लागतो. स्वप्नाची परवानगी आत्म्याला मिळते, देहाला दारात अडवले जाते किंवा जाळले जाते. १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. स्वप्नात दार उघडलेल्यांना जागेपणाच्या लढाईतला ग्रंथ अर्पण व्हावा, ह्यात आदर आहे आणि एका मार्गाचा शेवटही आहे.

स्वप्नाने अधिकार दिला, पण तो एकेकट्याला दिला. तुकोबांना मिळालेला अधिकार देहूच्या इतर शूद्रांचा झाला नाही. बहिणाबाईंची दीक्षा त्यांच्या शेजारणीच्या उपयोगी पडली नाही. स्वप्न एका वेळी एकच माणूस पाहतो. काळारामाच्या दाराशी जे उभे होते ते जागे होते, आपापल्या देहात होते आणि मुख्य म्हणजे एकत्र होते. त्यांना देहाबाहेरची वाट नको होती, देहासकट आत जायचे होते.

म्हणून संतांची स्वप्ने वाचताना दोन चुका टाळाव्या लागतील. एक, त्यांना आजार, चमत्कार किंवा युक्ती ठरवून त्यांची रचना न वाचणे. दुसरी, ती रचना वाचून इतके भारून जाणे की झोपलेल्याचा देह कोठे पडला आहे, त्याला कोणी बांधले आहे, हे पाहायचे राहावे. बहिणाबाईंनी ह्या दोन्ही चुका केल्या नाहीत. तुकोबांचा हात मस्तकावर आला हे त्यांनी जितक्या स्पष्टपणे सांगितले, तितक्याच स्पष्टपणे हातापायांना बांधलेली दोरीही सांगितली. ह्या दोहोंपैकी एकच गोष्ट वाचणारी समीक्षा त्यांच्या आत्मनिवेदनाची अर्धीच वाचक ठरेल.